दोन ट्यूनर, बारा भानगडी

सर्वप्रथम अभिनंदन. दुकानातून आणून लावला की चालू होणारा, कुणालाही चालवता येणारा रेकॉर्डर तुम्ही नाकारलात आणि घरच्या टीव्हीचे रेकॉर्डिंग स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या हिमतीवर करायचे ठरवलेत. घरच्यांनी ‘कशाला?’ असे विचारले असेल. मनावर घेऊ नका. पुढे ते याहून वाईट प्रश्न विचारणार आहेत.

ही मार्गदर्शिका मुख्यतः अमेरिकेतल्या मराठी गृहस्थासाठी आहे. न्यू जर्सीत एडिसनला किंवा आसपास घर, पोटमाळ्यावर अँटेना, हवेतून फुकट मिळणारी न्यूयॉर्कची चॅनेल, तळघरात एक जुना संगणक आणि त्यावर लिनक्स, इतके असले की पुरे. पुण्या-मुंबईच्या वाचकांनीही ती जरूर वाचावी. जावई सुट्टीवर आला की जेवता जेवता उठून लॅपटॉपमध्ये काय बघून येतो, याचा उलगडा होईल.

त्या संगणकावर मिथटीव्ही बसवा. आयझॅक रिचर्ड्स यांनी २००२ साली हे सॉफ्टवेअर लिहायला घेतले. तेव्हापासून जगभरची हौशी मंडळी त्यात भर घालत आली आहेत. ते फुकट आहे. त्याच्या पोटात एक डेटाबेस आहे आणि त्या डेटाबेसवर बसलेला एक शेड्यूलर आहे. कोणता कार्यक्रम, कधी, कोणत्या ट्यूनरवर घ्यायचा, हे तो ठरवतो. ट्यूनर कमी आणि कार्यक्रम जास्त झाले की एकावर काट मारून त्यापुढे ‘कॉन्फ्लिक्ट’ असे लिहितो. नवशिक्यांना वाटते, कॉन्फ्लिक्ट मिटवायचा असतो. जाणकार तो सांभाळतात, वाढवतात, वेळप्रसंगी पाहुण्यांना दाखवतात.

तेव्हा बाह्या सरसावा.

१. ट्यूनर कमी पडतील असेच घ्या

ट्यूनर म्हणजे चाळीतला नळ. एका वेळी एकाचीच बादली भरते, बाकीच्यांनी रांगेत उभे राहून एकमेकांकडे बघायचे. सुरुवातीला दोन ट्यूनरचा डबा घ्या. घरात माणसे पाच असतील तर दोन ट्यूनर आदर्श. पाचाला पाच घेतलेत तर भांडणच उरणार नाही आणि पुढची सगळी कलमे वाया जातील.

आता सरावासाठी एक रविवार घेऊ. विजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंना संध्याकाळी सात वाजता एबीसीवरचे ‘अमेरिकाज फनिएस्ट होम व्हिडिओज’ हवे असते. माणसे घसरून पडतात, त्याला भाषा लागत नाही. सासऱ्यांना सातलाच सीबीएसवर ‘सिक्स्टी मिनिट्स’ हवे. तो कार्यक्रम १९६८ पासून चालू आहे, आणि इतकी वर्षे टिकलेल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास बसतो. मुलाला आठ वीसला एनबीसीवर फुटबॉल. बायकोला नऊ वाजता पीबीएसवर ‘मास्टरपीस’, म्हणजे इंग्रजांचे वाडे, इंग्रजांचे नोकर आणि इंग्रजांचे चहाचे कप.

कागद घ्या, वेळा मांडा. सात ते आठ दोन कार्यक्रम. आठ वीसनंतर एक. नऊनंतर पुन्हा दोन. म्हणजे दोन ट्यूनर अगदी बेताने पुरतात. कॉन्फ्लिक्ट शून्य.

निराश होऊ नका. यातूनही मार्ग काढता येतो. कलम ३ पाहा.

२. फुकटच्या टीव्हीसाठी वर्गणी भरा

शेड्यूलरला कार्यक्रमपत्रिका लागते. मिथटीव्हीवाल्यांना ती पूर्वी एका कंपनीच्या कृपेने फुकट मिळत असे. १ सप्टेंबर २००७ रोजी ती बंद झाली. तेव्हा वापरणाऱ्यांनीच ‘शेड्यूल्स डायरेक्ट’ नावाची ना-नफा संस्था उभी केली आणि वार्षिक वर्गणी सुरू केली. अर्थात, केबलचे बिल वाचवायला अँटेना लावणारा माणूस आता पत्रिकेचे बिल भरतो. ही रक्कम घरात सांगताना ‘देणगी’ म्हणावे.

वर्गणी भरलीत की सुमारे दोन आठवड्यांची पत्रिका रोज रात्री आपोआप उतरते. याचा खरा फायदा ध्यानात घ्या. पूर्वी माणसाला आज रात्रीची काळजी असे. तुम्हाला आता पुढच्या पंधरवड्यातल्या गुरुवारची काळजी आजच करता येते. सकाळी उठल्यावर, दात घासण्याआधी, ‘आगामी रेकॉर्डिंग’चे पान उघडायची सवय लावून घ्या. प्रत्येक कार्यक्रमापुढे एक अक्षर असते. ‘सी’ म्हणजे कॉन्फ्लिक्ट. ‘एल’ म्हणजे नंतरच्या प्रक्षेपणात घेऊ. ‘पी’ म्हणजे पूर्वीच घेतलेला आहे. ‘एक्स’ म्हणजे तुम्हीच नको म्हणालात. पानावर एखादा ‘सी’ दिसला की चहा अधिक गोड लागतो. एकही नसेल तर पत्रिका नीट उतरली नसावी अशी शंका घ्या आणि पुन्हा उतरवा.

३. पॅडिंग भरा, सढळ हाताने

कार्यक्रम वेळेवर सुरू होतात आणि वेळेवर संपतात, असा तुमचा समज असेल तर तो दूर करणे आमचे कर्तव्य आहे.

१७ नोव्हेंबर १९६८ रोजी एनबीसीने जेट्स आणि रेडर्स यांचा फुटबॉल सामना संध्याकाळी सातच्या ठोक्याला मध्येच तोडला आणि ठरल्याप्रमाणे ‘हायडी’ हा मुलांचा चित्रपट सुरू केला. सामन्याचे जेमतेम मिनिटभर उरले होते. त्या मिनिटात रेडर्सनी दोन टचडाउन करून ४३-३२ असा सामना फिरवला, आणि पडद्यावर आल्प्समधली गोड मुलगी. लोक इतके खवळले की पुढे सामना संपेपर्यंत दाखवायचाच, असा दंडक पडला. त्याचे परिणाम आज तुमचे सासरे भोगत आहेत. हंगामात ज्या रविवारी सीबीएसवर दुसरा सामना चार पंचवीसला सुरू होतो, त्या रविवारी तो सात वाजून गेले तरी चालतो आणि त्यामागचे सगळे कार्यक्रम पुढे ढकलले जातात. नेमके किती, याचा पत्रिकेला पत्ता नसतो. ती म्हणेल त्या वेळेला यंत्र सुरू होते आणि सासऱ्यांना ‘सिक्स्टी मिनिट्स’ या नावाखाली घामाघूम झालेली माणसे एकमेकांवर आदळताना दिसतात. शेवटी घड्याळाची टिकटिक ऐकू येते आणि रेकॉर्डिंग संपते.

यावर औषध म्हणजे पॅडिंग. ते दोन प्रकारचे असते. पहिले मऊ: सेटिंगमध्ये एकदाच सांगायचे, सगळ्या कार्यक्रमांच्या आगेमागे इतके सेकंद जास्त घे, पण अडचण झाली तर सोडून दे. हे समंजस पॅडिंग आहे. आपल्या काही उपयोगाचे नाही. दुसरे कडक: एकेका कार्यक्रमाच्या नियमात लिहायचे, इतकी मिनिटे उशिरा थांब. हे शेड्यूलर कार्यक्रमाचाच भाग समजतो आणि त्यासाठी ट्यूनर अडवून ठेवतो. हेच वापरा.

‘सिक्स्टी मिनिट्स’ला नव्वद मिनिटांचे कडक पॅडिंग द्या. तासाभराचा कार्यक्रम आता साडेनऊपर्यंत ट्यूनर सोडत नाही. आठ वीसपासून मुलाचा फुटबॉल दुसऱ्या ट्यूनरवर बसलेला आहे. नऊ वाजता बायकोचे इंग्रज दारात येतात आणि जागा नाही. झाला कॉन्फ्लिक्ट! कागदावर पुरणारे दोन ट्यूनर एका आकड्याने अपुरे पडले.

नव्वद फार झाले असे कुणी म्हणाले तर दाखले तयार ठेवा. एप्रिल २००९ मध्ये ‘अमेरिकन आयडॉल’चा एक भाग वेळेपेक्षा लांबला आणि ॲडम लॅम्बर्टचे गाणे असंख्य घरांतल्या रेकॉर्डरांनी गाळले. फेब्रुवारी २०१३ मध्ये न्यू ऑर्लीन्सला सुपर बोल चालू असताना स्टेडियममधले दिवे गेले आणि खेळ ३४ मिनिटे थांबला. ज्यांनी तीस मिनिटांचे पॅडिंग ठेवले होते ते तेवढ्यानेच चार मिनिटे मागे पडले. महाराष्ट्रात भारनियमन पाहिलेल्या माणसाने तरी पॅडिंगमध्ये काटकसर करू नये.

४. घरच्यांना गुण द्या: उणे ९९ ते अधिक ९९

आता मुख्य विषय. दोन कार्यक्रमांत टक्कर झाली की शेड्यूलर प्रायॉरिटी पाहतो. प्रत्येक नियमाला उणे ९९ पासून अधिक ९९ पर्यंत कोणताही पूर्णांक देता येतो. काही न केल्यास शून्य.

आपली घरे पिढ्यानपिढ्या टिकली ती कुणाचे महत्त्व किती, हे आकड्यांत न मांडल्यामुळे. सासऱ्यांना पहिला चहा, पाहुण्यांना पाटाची कडेची जागा, शेंडेफळाला लाडवाचा मोठा तुकडा, सगळे न बोलता. मिथटीव्ही तुमच्यापुढे एक रिकामा चौकोन ठेवते आणि विचारते: बायको किती? सासरे किती? तिथे ‘दोघेही सारखेच’ असे उत्तर टाइप करता येते, म्हणजे दोघांना शून्य ठेवता येते. मग यंत्र स्वतःच्या नियमाने दोघांपैकी एकाला निवडते, आणि तो नियम जेवणाच्या टेबलावर कुणालाही पटवून देता येत नाही.

नवशिक्या पहिल्या आठवड्यात भलेपणा करतो. सासऱ्यांना १ देतो. बायको पाहते, म्हणून तिला २. मुलगा स्वतःच स्क्रीनपाशी जातो आणि १० करतो. महिन्याअखेरीस सगळे ९९ वर पोचतात आणि गाडी पुन्हा शून्यावरच उभी असते, फक्त आता सगळ्यांना एकमेकांचे आकडे पाठ असतात.

जाणकार बेरजेचा आसरा घेतो. नियमाची प्रायॉरिटी हा एकच आकडा नसतो. चॅनेललाही वेगळी प्रायॉरिटी देता येते आणि शेड्यूलर दोन्ही मिळवून निकाल लावतो. तेव्हा असे करा:

सासऱ्यांच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ला ६ द्या. बायकोच्या ‘मास्टरपीस’ला ५. आता गुपचूप चॅनेलांच्या यादीत जाऊन पीबीएसला २ द्या. बायकोची बेरीज ७.

सासऱ्यांना नियमांचे पान दाखवा: बाबा, तुम्हाला सहा, तिला पाच. ते मान डोलावतील. बायकोला आगामी रेकॉर्डिंगचे पान दाखवा: बघ, तुझंच होतंय. तीही मान डोलावेल. कुणाशीही खोटे बोलावे लागले नाही. फक्त दोघांना एकाच वेळी खोलीत येऊ देऊ नका, आणि ‘सिक्स्टी मिनिट्स’ का नाही आले असे विचारले तर अँटेनाकडे बोट दाखवा. अँटेना बोलत नाही.

५. ‘नंतर घेऊ’ यावर श्रद्धा ठेवा

शेड्यूलर निर्दय नाही. हरलेला कार्यक्रम पुढच्या दोन आठवड्यांत पुन्हा दिसणार असेल तर तो यंत्र नंतर घेते आणि यादीत ‘एल’ लिहून तुमचे सांत्वन करते. पीबीएसवर पुनःप्रक्षेपणे भरपूर असतात, पहाटे तीनला वगैरे.

सेटिंगमध्ये आणखी एक सोय आहे. ती चालू केली की मोठ्या प्रायॉरिटीचा कार्यक्रम दुसऱ्या ट्यूनरवर किंवा नंतरच्या वेळेवर सरकवून लहानाला जागा करून दिली जाते. थोराने धाकट्यासाठी सरकून बसावे, तसा हा संस्कारी पर्याय. जरूर चालू करा. मग रविवारी नऊ वाजता टीव्हीसमोर चहा घेऊन बसलेल्या बायकोला समजावून सांगा की तिचा कार्यक्रम सर्वांत महत्त्वाचा होता, म्हणूनच तो मंगळवारी पहाटे तीनला घेतला जाणार आहे.

मंगळवारची पत्रिका सोमवारी बदलू शकते. पहाटे तीनच्या जागी निधी-संकलनाचा कार्यक्रम लागला, तर तेल गेले, तूप गेले, हाती ‘सी’ आला. अशा वेळी ‘पुढचा सीझन सुरू होताना आधीचा पूर्ण दाखवतात’ हे वाक्य शांतपणे म्हणा. ते कधीकधी खरेही ठरते.

६. आवडी फ्रिक्वेन्सीप्रमाणे जुळवा

जून २००९ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी जुने ॲनालॉग प्रक्षेपण बंद केले. डिजिटलमध्ये एका फ्रिक्वेन्सीवर चार-पाच उपचॅनेल एकत्र येतात. मिथटीव्हीच्या २००८ सालच्या ०.२१ या आवृत्तीपासून एकच ट्यूनर त्या एका फ्रिक्वेन्सीवरचे अनेक कार्यक्रम एकदम रेकॉर्ड करू शकतो. ४.१ आणि ४.२ या दोघांना मिळून एक ट्यूनर पुरतो. ४.१ आणि ७.१ यांना दोन लागतात.

याचा अर्थ उघड आहे. घरच्यांनी काय पाहावे हे त्यांच्या आवडीवर सोडणे ही चैन आहे. जेवताना सहज विषय काढा. मुलाचा फुटबॉल ४.१ वर असेल तर ४.२ वरच्या जुन्या मालिका किती भावपूर्ण असतात, ते सासूबाईंना सांगा. सासऱ्यांना म्हणा, बातम्या कुठल्याही चॅनेलवर सारख्याच. घरात नवी सून किंवा जावई येणार असेल तर पत्रिका जुळवताना आणखी एक रकाना वाढवा: मुख्य प्रक्षेपण कोणत्या फ्रिक्वेन्सीवर?

७. थेट टीव्ही पाहणाऱ्यांना आवरा

तुमची सर्वांत मोठी शत्रू म्हणजे रिमोट घेऊन टीव्ही लावणारी साधी व्यक्ती. ती रेकॉर्डिंग पाहत नाही, आत्ता जे चालले आहे ते पाहते, आणि तेवढ्यासाठी एक आख्खा ट्यूनर अडवते.

प्रसंग असा. मंगळवार, संध्याकाळ, आठाला काही मिनिटे कमी. सासूबाई चॅनेल ७ वर ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’ पाहत आहेत. त्यांना इंग्रजी बेताचे येते, पण शब्दकोडी त्यांनी जन्मभर सोडवली आहेत आणि अक्षरे त्या स्पर्धकांच्या आधी ओळखतात. बोनस राउंड आहे. फळ्यावर अर्धी अक्षरे उघडली आहेत. सासूबाई खुर्चीच्या कडेला आल्या आहेत. आणि आठ वाजता तुम्ही दोन रेकॉर्डिंग लावून ठेवली आहेत.

फळ्याच्या बरोबर मधोमध एक चौकट उगवते. यंत्राला अमुक चॅनेलवर तमुक कार्यक्रम रेकॉर्ड करायचा आहे, इतके सेकंद उरले आहेत, आता तुम्ही सांगा. खाली तीन पर्याय: रेकॉर्ड होता होता तोच पाहा. रेकॉर्ड होऊ द्या आणि मुख्य मेनूवर परत जा. रेकॉर्ड होऊ देऊ नका, मला टीव्ही पाहायचा आहे. सेकंद एकेक करून कमी होत आहेत. सासूबाईंचे लक्ष चौकटीमागून डोकावणाऱ्या ‘आर’ या अक्षराकडे आहे. त्या चौकट जावी म्हणून सर्वांत मोठे बटण दाबतात. पहिला पर्याय निवडला जातो, चॅनेल बदलते, आणि फळा, अक्षरे, बक्षिसाची गाडी सगळे नाहीसे होऊन तिथे पोलिसांची गाडी येते.

“अहो, तुमचं यंत्र माझ्या अक्षरांवर येऊन बसलं हो!”

इथे तुमचा कस लागतो. धावत जाऊन चॅनेल बदलू नका, त्याने रेकॉर्डिंग तुटेल. ‘आई, पुढच्या वेळी तिसरा पर्याय दाबा’ असेही म्हणू नका, कारण त्या दाबतील. शांतपणे सांगा की उद्यापासून त्यांचा कार्यक्रमही रेकॉर्ड करून ठेवू, म्हणजे हवा तेव्हा पाहता येईल. त्या म्हणतील, मला हवा तेव्हाच पाहत होते की. याला उत्तर नाही. खालच्या मजल्यावर जा आणि तिसऱ्या ट्यूनरच्या किमती पाहा.

८. बोलू नका, क्वेरी लिहा

काही महिन्यांनी साधे आकडे अपुरे वाटू लागतील. हे प्रगतीचे लक्षण आहे. मिथटीव्हीत ‘कस्टम प्रायॉरिटी’ नावाचे पान आहे. तिथे डेटाबेसच्या भाषेत अट लिहिता येते: नवा भाग असेल तर इतके वाढव, चित्रपटाला कमी तारे असतील तर इतके घटव, वगैरे. ही भाषा तुम्ही दिवसभर ऑफिसात पगार घेऊन लिहिताच. आता ती रात्री फुकट लिहा.

उदाहरणार्थ, सासरे भारतात परत गेल्यावर ‘सिक्स्टी मिनिट्स’ची प्रायॉरिटी आपोआप खाली यावी, मुलाच्या परीक्षेच्या आठवड्यात फुटबॉल उणे व्हावा, लग्नाच्या वाढदिवसाला पीबीएस वर जावे. त्यासाठी तुम्ही चार जोडलेली टेबले आणि वीस ओळींची अट लिहाल. ती रात्री दीडला चालेल. बायको झोपलेली असेल. ‘या रविवारी काय घ्यायचं?’ हे तिला संध्याकाळी विचारता आले असते, पण त्या प्रश्नाला इंडेक्स लावता येत नाही.

लिहिलेल्या क्वेरीची कॉमेंट मात्र सभ्य भाषेत ठेवा. मुलगा मोठा होतो आहे आणि त्यालाही लिनक्स येते.

९. डिस्क भरू द्या

१९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सोनीच्या बीटामॅक्स खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की घरी कार्यक्रम रेकॉर्ड करून नंतर पाहणे हा कॉपीराइटचा भंग नाही. रेकॉर्ड करण्याचा हक्क मिळाला. पाहायला वेळ कुठून आणायचा, यावर न्यायालयाने भाष्य केले नाही.

हवेतून येणारा हायडेफिनिशन कार्यक्रम तासाला आठ जीबीपर्यंत जागा खातो. म्हणजे चार टीबीच्या डिस्कवर पाचशे तास मावतात. रोज दोन तास नेमाने बसलात तर आठ महिन्यांत पाहून होतील, तोवर पुढचे पाचशे तयार. म्हणून यंत्र ‘ऑटो एक्स्पायर’ करते. जागा संपत आली की आपण होऊन जुने रेकॉर्डिंग पुसते. कसे पुसावे, हे तुम्ही निवडायचे: सर्वांत जुने आधी, सर्वांत कमी प्रायॉरिटीचे आधी, किंवा दोन्हींचे मिश्रण.

कलम ४ मध्ये तुम्ही दिलेले आकडे इथे पुन्हा वर येतात. ज्याला उणे दिलेत त्याचे रेकॉर्डिंग क्वचित होते, आणि झाले तर आधी मरते. मुलाच्या लक्षात ही गोष्ट सर्वांत लवकर येते, कारण अंतिम सामना पाहायला तो आठवड्याने बसतो आणि तिथे आजोबांच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’चे सतरा भाग असतात, प्रत्येकाच्या सुरुवातीला तासभर फुटबॉल.

यातून एक चांगले मात्र होते. मुलाला फुटबॉल मिळतो, आजोबांच्या नावावर.

शंका-समाधान

*शंका:* चौथा ट्यूनर घेतल्यावर एकही कॉन्फ्लिक्ट उरला नाही. काय चुकले?
*समाधान:* तुम्ही पुरेशा मालिका लावलेल्या नाहीत. टिव्होने २०१३ साली सहा ट्यूनरचे यंत्र काढले. त्याच्या मालकांनीही सातवा कार्यक्रम शोधला असणारच.

*शंका:* नोव्हेंबरात घड्याळ तासभर मागे जाते, तेव्हा रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो. त्या वेळी कोणता कार्यक्रम घ्यावा?
*समाधान:* त्या वेळी जागे राहून लॉग पाहावा. वर्षातून एकदाच ही संधी मिळते.

*शंका:* बायको म्हणते, ‘मास्टरपीस’ ती कधीच फोनवर पाहून झाली आहे. सासरेही ‘सिक्स्टी मिनिट्स’ यूट्यूबवर पाहतात.
*समाधान:* त्यांच्या पाहण्याशी आपला संबंध नाही. नियम काढू नका. प्रेक्षक नसलेले कार्यक्रम शेड्यूलरला सांभाळायला सोपे जातात, ते तक्रार करत नाहीत.

*शंका:* रविवारी काय रेकॉर्ड करायचे आणि दोन एकदम आले तर कोणते सोडायचे, हे घरच्यांना एकत्र बसवून सरळ विचारले तर चालेल का?
*समाधान:* चालेल. पाच मिनिटांत मिटेल. म्हणूनच ही सूचना शेवटी आणि बारीक टाइपात दिली आहे. तुम्ही इथवर वाचत आला असाल तर पाचवा ट्यूनर मागवून झालेला असणार.